मिश्रीची डबी

बकुळाबाईंनी पिशवीतून मिश्रीची डबी काढली तेव्हा मला वाटलं, या बाई आता क्लिनिकमध्ये बसून दात घासणार. मला हसूच आलं. त्यांच्या चेहऱ्यावर लेझर होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती. गार पाण्याच्या घड्या उचलून मी त्यांना मागच्या खोलीत पंख्याखाली बसवलं होतं आणि त्या नखानं डबीचं झाकण उघडत होत्या. आत मिश्री नव्हती. पिवळसर, दाट असं काहीतरी होतं. त्यांचं बोट त्यात बुडालं आणि सरळ गालाकडे निघालं.

मी त्यांचं मनगट धरलं. होणाऱ्या सासूचं मनगट असं धरायचं नसतं, पण धरलं.

"हे काय आहे, आई?"

"काय म्हंजे? तुमचाच क्रीम. सकाळचा नि रातचा."

"दोन्ही?"

"दोन्ही. एकत्र केला. बोंबील टांगताना हात सगळे चिकट, त्यात त्या टुबांची टोपणं वाळूत पडतात. सकाळचा कुठला, रातचा कुठला, डोकं कोण चालवणार? मसाला पण मी बावीस जिन्नस एकत्रच कुटते, एका बरणीत भरते. कोणी नाव ठेवलंय आजवर?"

"आज सकाळी लावलं होतं?"

"रोज लावते. सकाळी लावते, दुपारी लावते. तूच बोललीस ना, उन्हात असलं की परत लावायचं."

मी त्यांचं बोट कापसानं पुसलं, डबी घेतली, आणि शक्य तितक्या सरळ आवाजात म्हटलं, "आता हे लावायचं नाही. मी दुसरं मलम देते."

का घाबरले ते सांगते. मी हिंदमात्याला, साड्यांच्या दुकानांच्या वर असलेल्या एका स्किन क्लिनिकमध्ये नऊ वर्षं असिस्टंट आहे. डॉक्टर मॅडम लेझर करतात, आधीची आणि नंतरची सगळी तयारी माझी. उन्हानं जुना झालेला चेहरा नुसत्या लेझरनं सुधारत नाही. आधी सहा आठवडे क्रीमनं कातडी तयार करायची, मग लेझर, मग पुन्हा क्रीम. सकाळचं क्रीम उन्हापासून वाचवतं. रात्रीचं क्रीम जुनी कातडी हळूहळू सोलून नवी वर आणतं, त्यामुळे चेहरा पातळ, हळवा होतो. म्हणून ते उन्हात लावायचं नाही, आणि लेझरच्या सात दिवस आधी पूर्ण बंद करायचं. बकुळाबाईंनी ते सोलणारं क्रीम सहा आठवडे भर उन्हात लावलं होतं, अगदी त्या सकाळपर्यंत. आणि त्या चेहऱ्यावर आम्ही लेझर मारलं होतं.

लग्नाला पाच आठवडे होते. लग्न माझं, त्यांच्या अभयशी.

त्या माझ्याकडे आल्या कशा, तेही सांगायला हवं, कारण वर्षभर त्या या लग्नाला नाहीच म्हणत होत्या. त्यांच्या घरात एकवीरा आई, आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. अभय मला पहिल्यांदा वरळी कोळीवाड्यात घेऊन गेला तेव्हा त्या ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी जरा शहाणपणानं विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमकं काय खटकतंय?" त्यांनी मान वर केली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मना उलटं विचारलेलं चालत नाय." आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागल्या. त्या नजरेची मला जी धास्ती बसली ती बसलीच.

अखेर त्या तयार झाल्या आणि साखरपुडा झाला. तिथं फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "नवऱ्या मुलाची आजी, जरा मागे सरका. आईला पुढे येऊ द्या." बकुळाबाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं किनाऱ्यावर उन्हात बोंबील वाळवून त्यांचा चेहरा तांबूस काळा, जाड, आडव्यातिडव्या रेघांचा झाला आहे. त्या निमूट मागे सरकल्या. चार दिवसांनी, घरात कोणालाही न सांगता, टॅक्सी करून हिंदमात्याला आल्या आणि जिन्यातच मला म्हणाल्या, "अभयला कळता कामा नये. मना लग्नात त्याची आई दिसायचंय."

मला तेव्हा रडू आलं होतं. साखरपुड्यापासून मी त्यांना आई म्हणायला लागले होते, पण तो शब्द नव्या चपलेसारखा चावत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो चावला नाही. मी ठरवलं, या बाईंचा चेहरा मी जपणार.

आणि मी काय केलं? लेझरच्या दिवशी पेशंटला अकरा प्रश्न विचारून फॉर्मवर खुणा करायच्या असतात. चौथा प्रश्न रात्रीच्या क्रीमचा. तो मी नेहमी दोनदा विचारते. आधी "बंद केलं ना?" आणि थोड्या वेळानं "शेवटचं कधी लावलं होतं?" पहिल्याला सगळेच हो म्हणतात, दुसऱ्याला खरं बाहेर येतं. बकुळाबाईंना मी एकदाही विचारलं नाही. त्या कोळंबीवरून मान वर करून बघतील, अशी भीती वाटली. आठवड्यापूर्वी फोनवर मी एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरे झालं, असं मनाला समजावलं आणि अकरा खुणा सरसर करून टाकल्या. गालावर लाली आणि बारीक पापुद्रे दिसत होते. खाऱ्या वाऱ्यानं असेल, म्हणून मी तेही गिळलं. मॅडमनी लेझर हातात घेण्याआधी विचारलं, "फॉर्म झाला?" मी म्हटलं, "हो मॅडम." दोन आठवड्यांपूर्वी कानामागे केलेली चाचणी उत्तम आली होती. अर्थात येणारच. कानामागे कोण क्रीम लावतं?

मॅडम शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या. दार अर्धं उघडं होतं. सहा पावलं. मी डबी हातात धरून त्या दाराकडे बघत उभी राहिले. आत जाऊन सांगायचं, मॅडम, चूक झाली. मग मॅडम बाहेर येणार, बकुळाबाईंना विचारणार, बाई म्हणणार, या पोरीनं मला काही विचारलंच नाही. नोकरी जाईल, ते एक झालं. पण लग्न? वर्षभर खेटे घालून मिळवलेला तो होकार? मी डबी एप्रनच्या खिशात टाकली, बाईंना मलम दिलं, ओढणीनं चेहरा नीट झाकला आणि खाली जाऊन टॅक्सीत बसवून आले. स्वतःचीच चीड आली, पण भीती चिडीपेक्षा मोठी होती.

दुपारभर माझं कशात लक्ष लागलं नाही. क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर बिघडलेल्या केसेसचे फोटो एका फोल्डरमध्ये असतात, शिकण्यासाठी. ते मी उघडले. उघडायला नको होते. भाजून काळे पडलेले गाल, जाळीसारखे डाग, एका बाईच्या हनुवटीवर तर वर्ष झालं तरी पट्टा तसाच. प्रत्येक फोटोत मला बकुळाबाईच दिसायला लागल्या. चार वाजता फोन केला.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय. जरा चुणचुणतंय."

या बाईंच्या तळहातात एकदा गळ रुतला होता, तेव्हाही त्या "जरा टोचलंय" म्हणाल्या होत्या. त्यांच्या "जरा"चा मला धसका बसला. तरीही मी मॅडमकडे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अभयचा फोन आला. "अगं, आईच्या तोंडावर तेल उडालंय. सुरमई तळत होती काल संध्याकाळी. गाल एवढा सुजलाय. डॉक्टरकडे चल म्हणतोय तर ऐकत नाय. तू स्किनवाली ना, तू ये ना जरा."

म्हणजे बाईंनी घरात तेलाची थाप मारली होती. मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

तडक कोळीवाडा गाठला. घरात बायकांची गर्दी. एकीच्या हातात टूथपेस्ट, दुसरीकडे वाटीत कालवलेली हळद. मध्ये बकुळाबाई पदरानं तोंड झाकून बसलेल्या. "कोणी हात लावू नका," मी ओरडले. माझा आवाज इतका वर चढला की बायका खरंच बाहेर गेल्या. अभयलाही मी पाणी उकळायला पाठवलं, काही गरज नसताना.

पदर बाजूला केला. डावा गाल फुगून डोळा अर्धा मिटला होता. लेझरच्या बारीक ठिपक्यांच्या जागी ओली, लालभडक कातडी होती आणि पाणी झिरपत होतं. उजवा गाल बरा होता. किनाऱ्यावर त्या डाव्या बाजूनं उन्हाला बसतात, आणि डबीतलं क्रीम त्या बाजूला जास्त थापत असणार.

"गो," त्या हळूच म्हणाल्या, "हे असंच असतं ना?"

नऊ वर्षांत मी शंभर जणींना सांगितलंय, हो, असंच असतं, चार दिवसांत उतरेल. तेच वाक्य जिभेवर होतं.

"नाही आई. असं नसतं."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. समुद्रावर वादळाचा लाल बावटा लागला आणि घरचं माणूस आत असलं तरी ही बाई जाळी दुरुस्त करत बसते, असं अभय सांगायचा. ती बाई माझ्यासमोर घाबरली होती, आणि माझ्यामुळे घाबरली होती. "मी आता लग्नात कशी उभी राहू?" त्या म्हणाल्या. मी "चला," एवढंच म्हटलं.

अभयला सांगितलं, भाजलंय, मॅडमना दाखवते, तू कामावर जा. टॅक्सीत त्या मला चिकटून बसल्या होत्या. परळ आलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या मॅडमला काय सांगायचं?"

"खरं."

"खरं काय?"

"की मी तुम्हाला विचारलंच नाही. विचारायचं काम माझं होतं. आणि काल डबी दिसल्यावरसुद्धा मी गप्प बसले."

त्या उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या. तीच कोळंबीवाली नजर. मला वाटलं, आता इथेच टॅक्सी थांबवतील आणि उतरून जातील. त्यांनी पदर पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

मॅडमनी भिंगाचा दिवा ओढून बराच वेळ गाल बघितला. मग मागे सरून विचारलं, "रात्रीचं क्रीम बंद केलं होतं ना? आकांक्षानं विचारलं होतं ना तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत बकुळाबाई म्हणाल्या, "विचारलं होतं. दोनदा विचारलं. मीच खोटं बोलले."

दोनदा विचारायची माझी सवय त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांनी ते पदरचं जोडलं होतं. क्षणभर मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की लाज वाटते सांगायला. नोकरी वाचली, लग्न वाचलं, आणि वाचवलं कोणी, तर ह्या बाईनं. गप्प राहिले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्यांच्या सुजलेल्या गालावरून पाण्याचा एक थेंब गळ्याकडे ओघळला आणि मला राहवेना.

"मॅडम, त्या मला सांभाळून घेतायत," मी म्हटलं. "मी विचारलं नव्हतं. फॉर्मवर खुणा मी अशाच केल्या." आणि खुंटीवरच्या एप्रनच्या खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "हे मला काल सव्वाबाराला कळलं."

मॅडमनी डबी उघडली, वास घेतला, बंद केली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काल सव्वाबाराला सांगितलं असतंस तर साडेबाराला औषध सुरू झालं असतं. ही सूज इतकी चढली नसती."

"डाग राहील का?" मी विचारलं.

"तीन-चार आठवडे काही सांगता येणार नाही. आपली कातडी दुखावली की काळी पडते. राहिला तर कदाचित वर्षभर राहील." मग फॉर्म फाइलमधून काढून स्वतःच्या खणात ठेवला. "आजपासून लेझरच्या खोलीत तू यायचं नाही. रिसेप्शनला बस. पुढचं मी नंतर बघते."

जिना उतरताना बकुळाबाई माझ्यावर भडकल्या. "येडी हायस काय? मी बोलले होते ना! घरातली गोष्ट घरात ठेवायची."

त्या "घरातली" म्हणाल्या, हे माझ्या लक्षात यायला, त्यांना टॅक्सीनं घरी सोडताना, दादरचा पूल यावा लागला. तोवर मी नुसती रडत होते.

संध्याकाळी त्यांनी अभयला सगळं सांगून टाकलं. आपली डबी, माझा फॉर्म, काहीच वगळलं नाही. अभय दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "आई विचारतेय, औषध घालायला कवा येतेस."

तिथून पुढचे आठवडे मी रोज सकाळी कामाआधी कोळीवाड्यात जात होते. गाल धुवायचा, मलम लावायचं, सूज उतरल्यावर सकाळचं क्रीम. ते मी माझ्याच पर्समध्ये ठेवायचे. त्यांना उन्हात जायला बंदी. त्या खिडकीत आडोशाला बसून किनाऱ्यावर बोंबील टांगणाऱ्या जावेला शिव्या घालायच्या, अशानं कुजतील सगळे, म्हणायच्या. पापुद्रे गेले. खालून गुलाबी कातडी आली. उजवा गाल असा उजळला की रेघा निम्म्यानं कमी दिसायला लागल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात, मॅडम म्हणाल्या होत्या तसा, डाव्या गालावर काडेपेटीएवढा करडा पट्टा वर आला. रोज तो जरा जास्त गडद वाटायचा. रोज त्या आरसा मागायच्या आणि मी म्हणायचे, उद्या देते. उजेड रोज सारखा राहावा म्हणून दारं-खिडक्या लावून मी मोबाइलवर त्याचे फोटो काढायचे आणि टॅक्सीत बसून कालच्याशी ताडून बघायचे. मॅडमनी डाग फिका करणारं एक मलम वाढवलं आणि बजावलं, यावर दुसरं काहीही नको. हळद नको, पावडर नको, काहीच नको. एकदा पुन्हा चिडली ही कातडी, तर मग माझ्या हातात नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कोळीवाड्यात हळद होती. आमचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या हॉलमध्ये, बौद्ध पद्धतीनं. मी आमच्या घरी मेंदीचे हात पसरून बसले होते. फोन वाजला. ओल्या बोटाच्या टोकानं उचलला, तर व्हिडिओ कॉल. बकुळाबाई मोरीत होत्या, कडी लावून. मागे बेंजोचा दणदणाट आणि दारावर थापा.

"गो, बायका हळद घेऊन उभ्या हायत. नवऱ्या मुलाच्या आईला माखल्याबिगर ऐकायच्या नायत. अपशकुन बोलतात. लावू काय?"

त्यांनी मला विचारलं होतं.

"हाताला, पायाला लावू द्या. कपाळाला टिळा. डाव्या गालाला बोट लागता कामा नये."

"बरं."

"आणि आज गालाला काय लावलंत?"

"काय नाय. तू दिलेला तोच."

दारावर पुन्हा थाप पडली. त्या उठायला लागल्या. मोरीतल्या पिवळ्या दिव्यात पट्टा मला नीट दिसत नव्हता, कडेला किंचित लाली वाटत होती, की दिव्याचा रंग होता, कोण जाणे. उद्या लग्न होतं, आणि ही बाई आज मला काय म्हणेल याची भीती मला पुन्हा तितकीच वाटली, त्या सकाळी फॉर्म हातात असताना वाटली होती तितकीच.

"आई, थांबा. शेवटचं काय लावलं होतं? कधी?"

त्यांनी मान वर केली. तीच नजर. मी फोनपासून मागे सरले नाही.

"दुपारी," त्या म्हणाल्या. "पावडर. थोडीच. तो मेला फोटोवाला आला होता ना."

"पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी पदराचं टोक गार पाण्यात बुडवलं आणि मी शिकवलं होतं तसं, न घासता, टिपून टिपून गाल पुसला. बाहेर कोणीतरी त्यांच्या नावानं ओरडत होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला.

"अजून विचार," त्या म्हणाल्या.

"कपाळाला काय लावलंय?" मी विचारलं.